भाडेकरार : दरमहाचे भाडे आणि न दिसणारे देणे

आपल्याकडे नोकरीची वाट पाहण्यापेक्षा छोटा धंदा टाकणारी घरे बरीच आहेत. कोणी बेकरी काढतो, कोणी मोबाईल दुरुस्तीचे दुकान, कोणी गॅरेज. एखादी बहीण शिवणकामाचा वर्ग सुरू करते. स्वतःची जागा प्रत्येकाकडे असतेच असे नाही, म्हणून गाळा भाड्याने घ्यावा लागतो. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, "महिन्याला भाडे किती?" दुसरा येतो, "डिपॉझिट किती?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अब्बा मान हलवतात, भाईजान सही करून येतात आणि कागद कपाटात जातो. "आपण किती महिन्यांचा शब्द देतो आहोत?" हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तयार कपड्यांचे दुकान थाटले होते. भाडे महिना १५,००० रुपये. करारात तीन वर्षांची लॉक-इन अट होती, म्हणजे तीन वर्षे जागा सोडायची नाही. धंदा चालला नाही आणि चौदा महिन्यांनी शटर खाली आले. मालकाने कागद पुढे केला. उरलेले २२ महिने, दरमहा १५,००० प्रमाणे ३,३०,००० रुपये. पुढे चार वडीलधारी माणसे बसली, रक्कम कमी झाली, पण डिपॉझिट गेलेच आणि घरातल्या सोन्यालाही हात लावावा लागला. मालकाने फसवणूक केली नव्हती. ते देणे पहिल्या दिवसापासून कागदावर होते, फक्त घरच्या हिशेबात ते कुठेच लिहिलेले नव्हते.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. हिशेब हा आमचा विषय नव्हे. पण आमच्या हाताखालून गेलेल्या मुली-मुले पुढे कॉमर्सला जातात, बी.कॉम. किंवा सी.ए.ची वाट धरतात आणि 'लीज'च्या प्रकरणापाशी अडले की कधी कधी आमच्याकडेच येऊन बसतात. त्यांच्याबरोबर ते प्रकरण वाचताना आमच्या लक्षात आले की मोठमोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदातही अनेक वर्षे नेमके हेच चालले होते. भाडे दिसत होते, देणे दिसत नव्हते. ते दिसावे म्हणून जगभरचे हिशेबाचे नियम बदलावे लागले. हा विषय फक्त परीक्षेचा नाही, घराचाही आहे. म्हणून तो सोप्या भाषेत मांडतो आहोत.

शब्दांची ओळख

आम्ही भाषेचे शिक्षक, त्यामुळे सुरुवात शब्दांपासून करू. लीजला मराठीत भाडेपट्टा म्हणतात. जो वस्तू वापरायला देतो तो पट्ट्याने देणारा, म्हणजे मालक. जो घेतो तो पट्टेदार किंवा भाडेकरू. अरबी-उर्दूत याच व्यवहाराला इजारा म्हणतात. हा शब्द 'अज्र', म्हणजे मोबदला, या शब्दाच्या घराण्यातला आहे. उर्दूतला 'उजरत'ही त्याच घराण्यातला. मराठीत इजारा आला तो सरकारी वसुलीच्या मक्त्याच्या अर्थाने, आणि तिथूनच इजारदार हा शब्द आला.

गंमत म्हणजे भाडेकरारातले निम्मे मराठी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. करार, मुदत, रक्कम, शर्त, बाकी, हिशेब हे सगळे तिकडचेच. डिपॉझिटसाठी आपण 'अनामत' म्हणतो, तो शब्द 'अमानत'चेच मराठी रूप आहे. हा अर्थ लक्षात ठेवला तर हिशेबही चुकत नाही. अनामत हा खर्च नाही. ती आपलीच रक्कम दुसऱ्याकडे ठेवलेली आहे, म्हणून ती आपल्या बाजूला येणे म्हणून लिहायची आणि मालकाच्या बाजूला देणे म्हणून.

लीज नेमके कशाला म्हणायचे?

आज भारतातल्या मोठ्या कंपन्यांना 'इंड एएस ११६' हे लेखामानक लागू आहे. त्यातली व्याख्या साधी आहे. एखादी ठरावीक वस्तू, ठरावीक मुदतीसाठी, मोबदला देऊन वापरण्याचा ताबा मिळाला तर ते लीज. वस्तू ओळखता आली पाहिजे, तिच्या वापराचा जवळजवळ सगळा फायदा आपल्याला मिळाला पाहिजे आणि ती कशी, कशासाठी वापरायची हे आपल्याला ठरवता आले पाहिजे.

शाळेच्या बसचे उदाहरण घ्या. शाळेने एका वाहतूकदाराशी करार केला, "मुलांना आणा आणि सोडा." आज कोणती गाडी पाठवायची हे वाहतूकदार ठरवतो, सोयीप्रमाणे बदलतो. ही सेवा झाली, लीज नव्हे. पण शाळेने एक ठरावीक गाडी तीन वर्षांसाठी घेतली, ती वाहतूकदाराला परस्पर बदलता येत नाही आणि ती कुठे, केव्हा धावेल हे शाळा ठरवते, तर ते लीज. दोन्हीकडे पैसे महिन्यालाच जातात, पण हिशेब वेगळा होतो.

आणखी एक गोष्ट. हिशेब कागदाच्या नावावर जात नाही, व्यवहाराच्या गाभ्यावर जातो. आपल्याकडे बहुतेक करारांवर 'लीव्ह अँड लायसन्स' असे लिहिलेले असते. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेपट्ट्याहून वेगळा आहे. भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ खाली येतो आणि त्यात भाडेकरूला जागेत काही हक्क मिळतो. लायसन्स त्याच सालच्या सुविधाधिकार कायद्याखाली येते आणि त्यात फक्त वापरण्याची परवानगी मिळते. पण वरच्या तीन कसोट्या लागू पडल्या तर हिशेबाच्या दृष्टीने ते लीजच.

दोन जाती : वापरापुरते आणि जवळजवळ खरेदी

लीजच्या जुन्या हिशेबात दोन प्रकार मानले जात. भारतात १ एप्रिल २००१ पासून आलेल्या 'एएस १९' या मानकात हेच दोन प्रकार आहेत आणि ज्यांना इंड एएस लागू नाही अशा कंपन्या आजही तेच मानक पाळतात.

पहिला प्रकार ऑपरेटिंग लीज. वस्तू काही काळ वापरायची आणि परत द्यायची. मालकीचा फायदा-तोटा मालकाकडेच राहतो. दुकानाचा गाळा हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

दुसरा प्रकार फायनान्स लीज. नाव भाड्याचे, पण मालकीची जोखीम आणि लाभ जवळजवळ सगळे वापरणाऱ्याकडे आलेले असतात. तो ओळखायच्या खुणा अशा : मुदत संपल्यावर वस्तू वापरणाऱ्याच्या नावावर होणार असेल, किंवा अगदी नाममात्र किमतीत ती विकत घेण्याची सोय असेल, किंवा वस्तूच्या आयुष्याचा बहुतेक काळ करारातच संपत असेल, किंवा सगळ्या भाड्यांचे आजचे मूल्य वस्तूच्या किमतीएवढेच भरत असेल, किंवा वस्तू इतकी खास बनवलेली असेल की दुसऱ्या कोणाला ती उपयोगीच पडणार नाही.

एएस १९ प्रमाणे फायनान्स लीजमध्ये वापरणारा ती वस्तू आपली मालमत्ता म्हणून लिहितो आणि तेवढेच देणेही लिहितो. ऑपरेटिंग लीजमध्ये मात्र तो फक्त भाडे खर्चात टाकतो. इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा तीन वर्षांच्या करारात भाडे पहिल्या वर्षी महिना ८,०००, दुसऱ्या वर्षी १०,००० आणि तिसऱ्या वर्षी १२,००० आहे. एकूण ३,६०,००० झाले. मग हिशेबात दरवर्षी सारखे १,२०,००० रुपये खर्च दाखवायचा. जागा तिन्ही वर्षे तीच आहे, तिचा उपयोगही तेवढाच आहे. पहिल्या वर्षी भाडे कमी म्हणून नफा फुगलेला दिसू नये, हा त्यामागचा हेतू.

नियम का बदलले?

आता अडचण पाहा. करार ऑपरेटिंग लीजच्या रकान्यात बसवला की देणे ताळेबंदात येतच नाही. एक विमान कंपनी कर्ज काढून विमाने घेते, तिच्या ताळेबंदात मोठे कर्ज दिसते. दुसरी तशीच विमाने दहा-दहा वर्षांच्या भाड्याने घेते, तिचा ताळेबंद हलकाफुलका दिसतो. आकाशात दोघींची विमाने सारखीच उडतात आणि पैसे दोघींनाही द्यायचेच असतात. पण ताळेबंद वाचणाऱ्याला दुसरी कंपनी बिनकर्जाची वाटते.

आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २०१६ मध्ये नवे मानक जाहीर करताना एक अंदाज दिला होता. जगातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची लीजची देणी सुमारे ३.३ लाख कोटी डॉलर होती आणि त्यांतली ८५ टक्क्यांहून अधिक ताळेबंदात दिसतच नव्हती. अमेरिकेतली 'बॉर्डर्स' ही पुस्तकांच्या दुकानांची मोठी साखळी २०११ मध्ये बंद झाली. ग्राहक दुसरीकडे वळले तरी दुकानांचे लांब मुदतीचे भाडेकरार तसेच उभे होते. आमच्या ओळखीच्या त्या कपड्यांच्या दुकानाची गोष्ट आणि ही गोष्ट आकाराने वेगळ्या आहेत, जातीने नाहीत.

'आयएफआरएस १६' हे नवे मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. भारतात त्याच धर्तीवर इंड एएस ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून आले. वापरणाऱ्यासाठी दोन प्रकारांचा भेद संपला. लीज घेतले की देणे लिहायचे आणि त्याच्यासमोर 'वापराचा हक्क' ही मालमत्ता लिहायची.

एक उदाहरण मांडून पाहू

वही-पेन्सिल घेऊन बसा. आकडे सुटसुटीत यावेत म्हणून आम्ही मुद्दाम असे निवडले आहेत.

एका कंपनीने तीन वर्षांसाठी गाळा घेतला. भाडे वर्षाला १,३३,१०० रुपये, प्रत्येक वर्षाच्या अखेरीस द्यायचे. तीन वर्षांचे एकूण ३,९९,३०० झाले. पण हे पैसे आज द्यायचे नाहीत, पुढे द्यायचे आहेत. म्हणून त्यांचे आजचे मूल्य काढतात. दर समजा १० टक्के. पहिल्या वर्षाच्या भाड्याचे आजचे मूल्य १,२१,०००, दुसऱ्याचे १,१०,०००, तिसऱ्याचे १,००,०००. बेरीज ३,३१,०००.

पहिल्याच दिवशी ताळेबंदात दोन नोंदी होतात. एका बाजूला वापराचा हक्क ३,३१,०००, दुसऱ्या बाजूला लीजचे देणे ३,३१,०००. दलाली किंवा आगाऊ दिलेले भाडे असेल तर ते वापराच्या हक्कात मिळवायचे.

पुढे देणे असे कमी होत जाते :

पहिले वर्ष : सुरुवातीला ३,३१,०००, त्यावर १० टक्के ३३,१००, भाडे दिले १,३३,१००, शिल्लक २,३१,०००.
दुसरे वर्ष : २,३१,०००; त्यावर २३,१००; भाडे दिले १,३३,१००; शिल्लक १,२१,०००.
तिसरे वर्ष : १,२१,०००, त्यावर १२,१००, भाडे दिले १,३३,१००, शिल्लक शून्य.

वापराचा हक्क तीन वर्षांत संपणार, म्हणून त्यावर दरवर्षी सुमारे १,१०,३३३ रुपये घसारा लावायचा. घसारा आणि वरची दहा टक्क्यांची रक्कम मिळून खर्च पहिल्या वर्षी १,४३,४३३, दुसऱ्या वर्षी १,३३,४३३ आणि तिसऱ्या वर्षी १,२२,४३४ होतो. बेरीज करून पाहा, ३,९९,३०० च येते. खिशातून जाणारा पैसा एका रुपयानेही बदललेला नाही. फरक इतकाच की खर्च सुरुवातीला थोडा जास्त पडतो आणि देणे पहिल्या दिवसापासून सर्वांना दिसते.

काही सवलती आहेत. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचे लीज असेल आणि त्यात खरेदीची सोय नसेल, तर भाडे सरळ खर्चात टाकता येते. लॅपटॉप, फोन, लहान फर्निचर अशा नव्या असतानाही कमी किमतीच्या वस्तूंनाही हीच सूट आहे. मोटारगाडीला ती मिळत नाही.

मालकाच्या बाजूला मात्र जुने दोन प्रकार अजून टिकून आहेत. ऑपरेटिंग लीज असेल तर वस्तू त्याच्याच ताळेबंदात राहते, घसारा तोच लावतो आणि भाडे उत्पन्न म्हणून लिहितो. फायनान्स लीज असेल तर तो वस्तू काढून टाकतो आणि तिच्या जागी येणे रक्कम लिहितो. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे, परीक्षेत गोंधळ इथेच होतो.

इजारा आणि हा हिशेब

वरच्या उदाहरणातले दहा टक्के पाहून काही वाचकांच्या मनात शंका येईल. तो दर म्हणजे पुढच्या पैशाचे आजचे मूल्य काढण्याची हिशेबाची रीत आहे. करारात ठरलेल्या भाड्यापेक्षा वेगळी रक्कम कोणाला दिली जात नाही. व्यवहार जायज आहे की नाही हे कराराच्या शर्तींवर ठरते. त्याबद्दल आलिमांना विचारावे, आमचा तो अधिकार नाही.

मात्र फिकहमधली इजाऱ्याची मांडणी हिशेब समजायलाही उपयोगी पडते. इजाऱ्यात विकली जाते ती वस्तू नव्हे, तिची मनफअत, म्हणजे वापराचा फायदा. म्हणूनच वापरताना संपून जाणारी वस्तू, जसे धान्य, इजाऱ्याने देता येत नाही. भाडे आणि मुदत आधीच ठरलेली हवी. वस्तू मालकाच्या मालकीची राहते आणि तिची जोखीमही त्याचीच. वापरणारा अमानतदार असतो. त्याच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले तर तो जबाबदार, नाहीतर नाही. भाड्याने घेऊन शेवटी मालकी मिळण्याच्या प्रकाराला 'इजारा मुंतहिया बित्तमलीक' म्हणतात. त्यात मालकी देण्याचा व्यवहार भाड्याच्या करारापासून वेगळा ठेवतात. बहरीनमधील इस्लामी वित्तसंस्थांच्या लेखामानक संस्थेने, आयोफीने, इजाऱ्यासाठी ३२ क्रमांकाचे स्वतंत्र मानक केले आहे. त्यातही वापरणाऱ्याने वापराचा हक्क आपल्या ताळेबंदात दाखवायचा असतो. आणि लिहून ठेवण्याबद्दल तर वेगळे सांगायला नको. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, ठरावीक मुदतीचे देणे लिहून ठेवण्याबद्दलच आहे.

आपल्या घरासाठी

छोट्या दुकानदाराला इंड एएस ११६ पाळावे लागत नाही. तो भाडे खर्चात लिहितो, तेवढे पुरते. पण त्या मानकातला विचार घरच्या वहीत आणायला कोणाची परवानगी लागत नाही. सही करण्यापूर्वी एवढे करावे :

१. लॉक-इनचे महिने गुणिले भाडे, ही रक्कम वहीच्या पहिल्या पानावर 'देणे' म्हणून लिहावी. ३६ महिने आणि १५,००० असतील तर ५,४०,०००. हा आकडा घरातल्या सर्वांना, कमावत्या-बिनकमावत्या, दाखवावा. धंदा बसला तर हे कुठून देणार, याचे उत्तर आधी शोधावे.

२. लॉक-इन कमी करून मागावे. सहा महिने किंवा एक वर्ष झाल्यावर आगाऊ नोटीस देऊन सोडण्याची अट घालता येते का, हे बोलून पाहावे. भाडे हजार-पाचशेने वाढले तरी अनेकदा हा सौदा स्वस्त पडतो.

३. दरवर्षीची वाढ, देखभाल खर्च, पाणीपट्टी, दुरुस्ती कोणाकडे, हे स्पष्ट लिहून घ्यावे. तीन वर्षांचे एकूण भाडे काढून त्याची सरासरी धरूनच धंद्याचा नफा मोजावा.

४. अनामत केव्हा आणि कशी परत मिळेल, त्यातून काय कापले जाईल, हे कागदावर असावे.

५. मशीन किंवा गाडी 'भाड्याने' मिळत असेल तर शेवटी ती कोणाची होणार, हे विचारावे. आपली होणार असेल तर ती खरेदीच आहे. मग बाजारातली रोख किंमत आणि एकूण हप्ते शेजारी शेजारी लिहून फरक पाहावा.

६. करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा आणि लीव्ह अँड लायसन्सचाही करार लेखी करून नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट पुरावा मिळेपर्यंत शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी दोघांच्याही हिताची आहे.

ज्यांच्या घरात कॉमर्सची मुले आहेत त्यांना आमची एक विनंती. पुढच्या वेळी दुकानाचा, घराचा किंवा गाडीचा करार समोर येईल, तेव्हा तो आधी मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. तिला विचारा, "यात आपले देणे किती आहे, काढून दाखव." तिचा धडा पक्का होईल आणि तिसरा प्रश्न सहीच्या आधी विचारला जाईल.